ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या मराठी शिक्षणतज्ज्ञ आणि भारतातील बालशिक्षण चळवळीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत्या. गुजरातमध्ये गिजुभाई बधेका यांच्यासमवेत आणि पुढे महाराष्ट्रात अनुताई वाघ यांच्यासमवेत त्यांनी सुमारे पन्नास वर्षे लहान मुलांच्या शिक्षणाचे कार्य केले. ‘बालवाडी’ आणि ‘अंगणवाडी’ हे शब्द आज मराठीत घरोघरी रुळले आहेत. त्यांच्या मागे जी कल्पना आहे, ती साकार करण्यात ताराबाईंचा वाटा मोठा आहे. बोर्डी आणि कोसबाड (तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर जिल्हा) येथील त्यांचे प्रयोग भारतीय शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला.

बालपण आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. आईचे नाव उमाबाई. घरातील वातावरण सुधारकी असल्यामुळे मुलींच्या शिक्षणाला विरोध नव्हता. त्या काळात मध्यमवर्गीय घरांतूनही मुलींची शाळा लग्नाबरोबर संपत असे. ताराबाईंचे शिक्षण मात्र महाविद्यालयापर्यंत गेले आणि १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या.

पुढे अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पतीपासून विभक्त होऊन, लहान मुलीला बरोबर घेऊन, त्यांनी स्वतंत्र आयुष्याला सुरुवात केली. एकट्या स्त्रीने नोकरी करून मूल वाढवणे ही गोष्ट त्या काळी सुशिक्षित वर्गातही सहज स्वीकारली जात नव्हती.

राजकोट आणि भावनगर

१९२१ मध्ये ताराबाई राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. पद मानाचे होते आणि उत्पन्नही स्थिर होते. तेथे असतानाच भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत चाललेल्या एका नव्या प्रयोगाची माहिती त्यांना झाली. नानाभाई भट्ट यांच्या या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे हा विचार करता करता ते इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले आणि अखेर वकिली सोडून बालशिक्षक झाले.

१९२३ मध्ये ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि त्या भावनगरला आल्या. पुढील नऊ-दहा वर्षे हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. गिजुभाईंबरोबर त्यांनी बालमंदिर चालवले, बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर उभे केले आणि गुजराती बालसाहित्यमालेचे संपादन केले. मराठी मातृभाषा असलेल्या ताराबाई गुजरातमध्ये ‘ताराबेन’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

बालमंदिरातील वर्ग

भावनगरच्या बालमंदिराचे वेगळेपण समजण्यासाठी तत्कालीन प्राथमिक शाळेचे चित्र डोळ्यांसमोर आणावे लागते. बहुतेक शाळांत पाटी, पाढे, पाठांतर आणि छडी हीच शिक्षणाची साधने होती. सर्व मुलांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायची आणि ज्याला ती जमणार नाही त्याने मार खायचा, असा शिरस्ता होता. हुशार मुलाची ओळख त्याच्या पाठांतरावरून होई आणि त्याचे बक्षीस म्हणजे वर्गातला पहिला नंबर.

बालमंदिरात ही घडी मोडली गेली. निरनिराळ्या वयांची मुले एकाच दालनात बसत. सभोवती मांडून ठेवलेल्या साधनांपैकी ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, मन भरेपर्यंत त्यावर काम करावे आणि काम संपल्यावर वस्तू जागेवर ठेवावी, अशी पद्धत होती. लाकडी ठोकळे, मणी, रंगांच्या पट्ट्या, अक्षरांचे तुकडे ही साधने अशी केलेली असत की चूक झाली तर ती मुलालाच दिसावी. गोष्टी सांगणे, नाट्यप्रवेश, चित्रे, मातीकाम, बागकाम आणि सहली यांनाही अक्षरओळखीइतकेच स्थान होते. शिक्षा नव्हती, आणि बक्षीसही नव्हते.

या रचनेचा एक परिणाम विशेष नोंदवण्यासारखा आहे. जे मूल लवकर शिकते, त्याला इतरांसाठी थांबावे लागत नाही. पुढचे साधन त्याच्यासाठी मोकळे असते. जे मूल सावकाश शिकते, त्याला कोणी हिणवत नाही. मोठे मूल धाकट्याला मदत करते आणि ती करताना स्वतःचे ज्ञान पक्के करते. कुशाग्र मुलांसाठी वेगळा वर्ग न काढताही त्यांच्या बुद्धीला पुरेसे खाद्य मिळावे, ही सोय या पद्धतीतच होती.

नूतन बालशिक्षण संघ आणि शिक्षणपत्रिका

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. बालशिक्षणाचा प्रसार, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि पालकांचे प्रबोधन ही संघाची प्रमुख कामे होती. संघाच्या कामाला ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकाची जोड होती. ते प्रथम गुजरातीत निघाले आणि १९३३ पासून त्याची मराठी आवृत्ती ताराबाईंच्या संपादनाखाली निघू लागली. मुलांच्या हट्टापासून शाळेतील साधनांपर्यंत अनेक विषयांवर त्यांनी सोप्या मराठीत लिहिले. शिक्षणशास्त्राची परिभाषा सामान्य आईबापांना आणि खेड्यातील शिक्षकाला कळेल अशा शब्दांत मांडणे हे त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य होते.

मुंबईतील शिशुविहार

१९३० नंतरच्या काळात भावनगर सोडून ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार ही संस्था उभी राहिली. बालमंदिर आणि बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर अशी तिची रचना होती. दादरच्या पांढरपेशा वस्तीतील पालकांनी या संस्थेचे चांगले स्वागत केले. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि संघाच्या कामाचा भार प्रामुख्याने ताराबाईंवर आला.

शिशुविहार यशस्वी होत असतानाच त्या यशाची मर्यादाही स्पष्ट होत होती. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. ती नेमक्या मापाची, रंगकाम केलेली आणि कुशल कारागिरांकडून करवून घ्यावी लागत. स्वाभाविकच अशा शाळा शहरांत आणि ऐपतदार घरांच्या मुलांसाठीच निघत. खेड्यातील, मजुराच्या किंवा आदिवासी घरातील मुलापर्यंत ही पद्धत पोहोचत नव्हती. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमचा विचार मांडला गेला होता आणि शिक्षण खेड्याच्या जीवनाशी, हाताच्या कामाशी जोडावे असा आग्रह देशभर धरला जात होता. ताराबाईंपुढे आता प्रश्न उभा राहिला तो हा : जी पद्धत मुलाच्या बुद्धीवर विश्वास ठेवते, ती गरीब मुलाच्या बुद्धीवर विश्वास ठेवते की नाही?

बोर्डी : ग्राम बालशिक्षा केंद्र

१९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील समुद्रकिनाऱ्यावरील बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची अनुताई वाघ यांच्याशी भेट झाली होती. बालविधवा असलेल्या अनुताई पुण्यात शिक्षिका होत्या. त्या बोर्डीला आल्या आणि अखेरपर्यंत या कामात राहिल्या. ताराबाईंची दृष्टी आणि अनुताईंचे दैनंदिन परिश्रम यांचा हा मेळ अठ्ठावीस वर्षे टिकला.

हा काळ या भागात मोठ्या उलथापालथीचा होता. वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध वारली आदिवासींचा लढा १९४५ मध्येच गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबणाऱ्या माणसाच्या मुलाला शाळा ही गोष्ट ठाऊकच नव्हती.

बोर्डीची बालवाडी सुरू झाली तेव्हा तिच्यात आली ती मुख्यतः गावातील सुस्थित घरांची मुले. ज्या मुलांसाठी ताराबाई मुंबई सोडून आल्या होत्या, ती आलीच नाहीत. त्यांना बोलावणी गेली, तरी उपस्थिती वाढेना. कारणे साधी होती. घरची माणसे पहाटेच कामाला जात. चार-पाच वर्षांच्या मुलाला अंघोळ घालून, कपडे घालून, दूरच्या इमारतीत पोहोचवणार कोण? अंगावर घालायला कपडे नसत, आणि गावातल्या मोठ्या घरांतील मुलांशेजारी बसण्याचा संकोचही असे.

अंगणवाडी

या अपयशातून अंगणवाडी जन्माला आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरले. शिक्षिका साधने घेऊन वस्तीवर जाऊ लागल्या आणि एखाद्या घराच्या अंगणात किंवा झाडाखाली वर्ग भरू लागला. प्रथम मुलांना स्वच्छ करायचे, नखे काढायची, केस विंचरायचे आणि मग खेळ व शिक्षण सुरू करायचे, असा क्रम असे. वर्ग अंगणातच असल्यामुळे घरातील मोठी माणसेही तो पाहत. शाळा म्हणजे परक्यांचे काहीतरी, ही भीती त्यामुळे हळूहळू कमी झाली.

साधनांचा प्रश्नही येथेच सुटला. शहरातील महागडी पेटी आणण्याऐवजी परिसरात जे मिळेल त्यातून साधने तयार झाली. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, फुले, काटक्या, माती आणि बांबू या वस्तू मोजणीला, वर्गीकरणाला, आकार आणि रंग ओळखायला उपयोगी पडल्या. मूळ तत्त्व माँटेसरींचेच राहिले. मुलाने वस्तू हाताळावी, लावून पाहावी आणि स्वतः शोधावी. बदलली ती वस्तू आणि तिची किंमत. शिवाय या वस्तू मुलांच्या रोजच्या ओळखीच्या होत्या. कोणत्या झाडाचे पान कोणते, कोणते बी कोणत्या ऋतूत पडते, हे त्या मुलांना आधीपासून ठाऊक होते. ज्या मुलांना अडाणी समजले जाई, त्यांच्याकडे निरीक्षणाचा मोठा साठा आहे, हे या साधनांमुळे उघड झाले.

कोसबाडची विकासवाडी

१९५७ मध्ये केंद्राचे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. हा परिसर मुख्यतः वारली आदिवासींचा. येथे शाळेपुढची अडचण आणखी एका रूपात समोर आली. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येऊ शकत नसे, कारण कडेवरचे धाकटे भावंड सांभाळणे हे तिचे काम होते. त्या भावंडाला घरी ठेवायला कोणी नव्हते आणि प्राथमिक शाळेत त्याला जागा नव्हती.

यावर विकासवाडीचा उपाय निघाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच ठिकाणी आणले गेले. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण प्राथमिक वर्गात, अशी घरातील सर्व भावंडे एकदमच येऊ लागली. धाकट्याला पाहण्यासाठी मोठी मुलगी अधूनमधून उठून जाऊ शके. बालवाडीतील मूल खेळता खेळता शेजारच्या प्राथमिक वर्गात डोकावे आणि वेळ आली की सहज त्यात मिसळून जाई. बालवाडी व पहिली यांच्यामधली भिंत त्यामुळे राहिली नाही.

कुरणशाळा आणि रात्रीची शाळा

मोठी मुले गुरे चारायला जात. त्यांना शाळेत बसवावे तर घरचे काम अडे. म्हणून शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत वर्ग भरवण्याचा हा प्रयोग ‘कुरणशाळा’ या नावाने प्रसिद्ध आहे. भोवतालचा निसर्ग हेच तेथील पाठ्यपुस्तक होते. पक्षी, गवत, ढग, ओढे यांच्या निरीक्षणातून भाषा आणि विज्ञान, तर मोजणीतून गणित शिकवता येई. दिवसभर कामात अडकलेल्यांसाठी रात्रीचे वर्ग चालवले गेले.

या उपक्रमांत एक सूत्र आढळते. मूल का आले नाही, याचा दोष मुलावर किंवा त्याच्या पालकांवर न टाकता शाळेच्या वेळेत, जागेत आणि साधनांत बदल केला गेला. शाळेत न येणारी मुले मंदबुद्धी असतात किंवा त्यांना शिक्षणाची आवड नसते, हा समज कोसबाडच्या कामाने खोटा ठरवला.

हुशार मुलांच्या शिक्षणाचा विचार

विसाव्या शतकाच्या मध्यास भारतात बुद्धिमापन चाचण्यांचा प्रसार होत होता आणि कुशाग्र मुलांना हेरून त्यांना वेगळे शिक्षण द्यावे, हा विचार बळावत होता. महाराष्ट्रात या विचाराचे ठळक उदाहरण म्हणजे डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन केलेली ज्ञान प्रबोधिनी. योगायोगाने ताराबाईंना पद्मभूषण मिळाले तेही याच वर्षी.

हे दोन मार्ग परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. प्रकल्प, सहली, प्रत्यक्ष कृती आणि मुलाच्या जिज्ञासेला वाव या गोष्टी दोन्हींकडे आहेत. फरक आहे तो आरंभबिंदूत. निवडीची पद्धत आधी बुद्धी मोजते आणि मग संधी देते. ताराबाईंच्या पद्धतीत संधी आधी येते आणि बुद्धी तिच्यातून प्रकट होते. ज्या मुलाने कधी चित्राचा कागद हाती धरला नाही, ज्याला प्रमाण मराठीतील प्रश्न कळत नाही, त्याची चाचणी घेतली तर ती त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या घरच्या परिस्थितीचेच माप सांगण्याची शक्यता अधिक. अंगणातला आणि कुरणातला वर्ग ही त्या दृष्टीने गुणी मुले शोधण्याचीही एक रीत होती, जरी तिला तसे नाव दिले गेले नाही.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. तिचे यश शिक्षकाच्या तयारीवर अवलंबून होते. बिया आणि खडे कोठेही मिळतात. पण ते मुलापुढे केव्हा ठेवायचे आणि केव्हा गप्प राहून पाहायचे, हे जाणणारा शिक्षक घडवायला वेळ लागतो. ताराबाईंनी भावनगरपासून कोसबाडपर्यंत प्रत्येक ठिकाणी अध्यापन वर्गाला महत्त्व दिले, त्याचे कारण हेच होय.

सार्वजनिक जीवन आणि अखेर

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. बालशिक्षण ही शासनाचीही जबाबदारी आहे, हा विचार त्यांनी सातत्याने मांडला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम पुढे अनुताई वाघ यांनी १९९२ मध्ये झालेल्या आपल्या निधनापर्यंत सांभाळले. रत्नाकर मतकरी यांचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक ताराबाईंच्या जीवनावर आधारित आहे.

वारसा

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. ३३ प्रकल्पांपासून आरंभ झालेल्या या योजनेतील गावपातळीवरील केंद्राला ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले आणि बोर्डीच्या वस्तीवरचा शब्द देशभर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वय वर्षे ३ ते ८ हा पाच वर्षांचा सलग पायाभूत स्तर मानला गेला. बालवाडी आणि प्राथमिकचे पहिले वर्ग एकत्र असावेत, ही विकासवाडीतील रचना त्यापूर्वी सहा दशके कोसबाडला प्रत्यक्षात आली होती.

नांदेड आणि लातूरच्या संदर्भात

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील शिक्षणव्यवस्थेत उर्दूचे वर्चस्व होते. त्यामुळे मुंबई-पुण्याकडील बालशिक्षणाचे वारे या भागात उशिरा पोहोचले. एकात्मिक बालविकास योजनेनंतर मात्र नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या गावोगावी अंगणवाड्या उभ्या राहिल्या. किनवट आणि माहूर या आदिवासीबहुल तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवर शाळेतील पहिला प्रवेश बहुधा अंगणवाडीतूनच होतो.

ताराबाईंनी कोसबाडला सोडवलेला प्रश्न या दोन जिल्ह्यांना परका नाही. कंधार, मुखेड, जळकोट यांसारख्या बालाघाटच्या डोंगराळ भागातून ऊसतोड मजूर दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात. मुले बरोबर गेली की शाळा सुटते, आणि थोरल्या मुलीकडे धाकट्या भावंडाची जबाबदारी येते. कारखान्यांच्या परिसरात भरवल्या गेलेल्या साखरशाळांमागे शाळेनेच मुलाकडे जाण्याचा तोच विचार आहे.

लातूर हे नाव आज दहावी-बारावीच्या निकालांसाठी आणि ‘लातूर पॅटर्न’साठी सर्वत्र घेतले जाते. नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा आणि शिष्यवृत्ती परीक्षा यांची तयारीही या भागात जोमाने होते. या परीक्षांतून गुणवान मुले पुढे येतात, हे खरे आहे. परंतु त्या परीक्षांपर्यंत कोण पोहोचणार, हे पुष्कळदा त्याआधीच्या वर्षांत ठरलेले असते. वय वर्षे तीन ते आठ या काळात मुलाच्या हाती काय पडले, त्याच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले की नाही, धाकट्या भावंडामुळे त्याची शाळा बुडली की नाही, या गोष्टींना ताराबाईंनी शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. अंगणवाडी हा शब्द पुढे पोषण आहार आणि लसीकरण यांच्याशी अधिक जोडला गेला. त्या शब्दामागचा मूळ शैक्षणिक आशय ताराबाई मोडक यांच्या जीवनकार्यात पाहावयास मिळतो.